पावकिलोच्या आतला ड्रोन पुण्यात उडवायचा तर

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मामेभावाने दुबईहून २४९ ग्रॅमचा ड्रोन आणून दिलाय. डिसेंबरात बहिणीचं लग्न आहे, म्हात्रे पुलाजवळच्या एका लॉनवर. त्याचं वरून शूटिंग करायचंय. त्याआधी जमलं तर लक्ष्मी रस्त्यावरची विसर्जन मिरवणूकही टिपायचीय. "२५० ग्रॅमच्या आत असेल तर कसलीच परवानगी लागत नाही असं सगळे सांगतात, बरोबर ना? आणि पोलिसांनी अडवलं तर काय दाखवायचं?"

मी २०१६ पासून पुण्यात ड्रोन उडवतो. सुरुवातीला लग्नं केली, आता बहुतेक काम बांधकामांच्या प्रगतीचं आणि मोजणीचं असतं. आधीच कबूल करतो की सुरुवातीची दोन वर्षं आम्ही सगळेच बेकायदा उडवत होतो. डीजीसीएने, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, ऑक्टोबर २०१४ मध्ये खासगी ड्रोनवर सरसकट बंदी घातली होती, ती उठून पहिले नियम लागू झाले १ डिसेंबर २०१८ला. तरी दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या वरातीवर ड्रोन भिरभिरत असायचाच. त्यामुळे मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. वकीलही नाही. पण दोनदा पोलीस चौकीत बसून आणि एकदा ड्रोन जप्त करून घेऊन जे शिकलो ते सांगतो.

सगळे सांगतात ते अर्धं बरोबर आहे. गोंधळ असा होतो की वजनाची सवलत ही कागदांची सवलत आहे आणि लोक ती आकाशाची सवलत समजतात. आकाश कुणाचं, त्या दिवशी पोलिसांचा आदेश काय आणि खाली कोण उभं आहे, या तीन प्रश्नांना तुमचा ड्रोन पावकिलोचा आहे की पाच किलोचा, याच्याशी काही देणंघेणं नाही.

आधी वजनाचं बघू. सध्या लागू आहेत ते ड्रोन नियम २०२१, त्या वर्षी २५ ऑगस्टला आलेले. त्यांत २५० ग्रॅमपर्यंतचा तो नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलला सरकारी मान्यता, लागत नाही, उडवणाऱ्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही आणि थर्ड पार्टी विमाही लागत नाही. मायक्रो हौसेसाठी उडवलात तर पायलट सर्टिफिकेटची सूट आहे, पैसे घेऊन उडवलात तर नाही. बाकीच्या दोन गोष्टी मायक्रोला लागतातच. यूआयएन, म्हणजे ड्रोनचा नोंदणी क्रमांक, या सवलतींच्या यादीत नाही. तो नॅनोलाही हवा. लोक नेमकं हेच विसरतात. आणि "५० फुटांपर्यंत कुठेही चालतं" असं जे ऐकू येतं ते २०१८ च्या जुन्या नियमांतलं उरलंसुरलं आहे, त्यावर विसंबू नका.

वजन म्हणजे हवेत जाताना जे काही वर जातं त्या सगळ्याचं वजन. खोक्यावर छापलेला आकडा नव्हे. माझ्याकडे एक असाच २४९वाला होता. शंका आली म्हणून सोनाराच्या काट्यावर ठेवला. नुसता ड्रोन, बॅटरी आणि मेमरी कार्डासकट २४८.७ भरला. मग लग्नात वापरतो तसे पंख्यांचे गार्ड लावले, कॅमेऱ्यावर फिल्टर चढवला आणि पुन्हा ठेवला. काटा २८०च्या पुढे गेला. सोनार हसून म्हणाला, "साहेब, घडणावळ वाढली." त्या क्षणी तो ड्रोन नॅनोचा मायक्रो झाला होता. जास्त वेळ टिकणारी मोठी बॅटरी घातली तरी तेच होतं. गर्दीत उडवायचं तर गार्ड हवेत, आणि गार्ड लावले की सूट गेली, असा हा पेच आहे.

आता दुबईचं. हे तुम्हाला आवडणार नाही. तयार ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. सूट आहे ती संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांच्यासाठी, तीही परवानगीने. सुटे भाग आणता येतात, अख्खा ड्रोन नाही. बॅगेतून आला, कुणी उघडून पाहिलं नाही, हा नशिबाचा भाग झाला. परदेशी ड्रोन नोंदवून घ्यायला एक दार मध्यंतरी उघडलं होतं, पण ते ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंत देशात आलेल्या आणि जीएसटी भरल्याचं बिल असलेल्या ड्रोनसाठी होतं. तुमचा त्यात बसत नाही. म्हणजे यूआयएन मिळणं कठीण, आणि यूआयएनशिवाय उडवणं नियमात बसत नाही, शहरातही नाही आणि गावाकडेही नाही. तेव्हा माझा सरळ सल्ला आहे की हा ड्रोन लग्नाला काढू नका. कागद असलेला माणूस बोलवा. तरी पुढचं वाचा, कारण त्या माणसालाही हेच सगळं लागू आहे आणि तो ते पाळतोय का हे तुम्हालाच बघावं लागेल.

आकाशाचे तीन रंग आहेत, हिरवा, पिवळा, लाल. नकाशा डिजिटल स्काय नावाच्या सरकारी संकेतस्थळावर आहे. नोंदणीची कामं आता डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर होतात, पण रंग बघायचे ते या नकाशावर. हिरव्यात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, विमान वाहतुकीच्या बाजूने परवानगी लागत नाही. पिवळ्यात त्या भागाच्या हवाई नियंत्रण कक्षाची परवानगी, लालमध्ये थेट केंद्र सरकारची. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरव्याची उंची अर्धी होते, २०० फूट, म्हणजे ६० मीटर. आठ किलोमीटरच्या आत हिरवा नाहीच.

आता हे पुण्यावर ठेवून बघा. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ, आपली प्रवासी विमानं त्यांच्या धावपट्टीवर उतरतात. खराडी, विमाननगर, येरवडा, कोरेगाव पार्क हे सगळं आठ किलोमीटरच्या आत. शिवाय कॅम्पात सदर्न कमांड, खडकीला दारूगोळ्याचे कारखाने, पाषाणला डीआरडीओच्या प्रयोगशाळा, खडकवासल्याला एनडीए, येरवड्याचा तुरुंग. मोकळं दिसतं म्हणून आकाश मोकळं असतं असं नाही. म्हात्रे पुलाजवळची लॉन्स माझ्या अंदाजाने ८ ते १२च्या पट्ट्यात पडतात, म्हणजे कमाल २०० फूट. पण माझ्या अंदाजावर जाऊ नका. त्या लॉनवर बोट ठेवून नकाशा स्वतः बघा, आणि लग्नाच्या आदल्या रात्री परत बघा. कारण नकाशा बदलतो. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल करू शकतो. आणि डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, तेव्हा उलवे-पनवेलकडे काम करणाऱ्या आमच्या लोकांना सगळी गणितं नव्याने मांडावी लागली.

या २०० फुटांचा एक व्यावहारिक कंगोरा आहे, तो नवख्यांच्या लक्षात येत नाही. सिग्नल तुटला की ड्रोन आपोआप ठरलेल्या उंचीवर चढतो आणि तिथून सरळ रेषेत घरी येतो. ही उंची आपण आधी सेट करायची असते, आसपासच्या सर्वांत उंच इमारतीपेक्षा जास्त. बावीस मजली टॉवर म्हणजे मजल्याला तीन मीटर धरले तरी ६६ मीटर. तुमची मर्यादा ६० मीटर. म्हणजे टॉवरपेक्षा उंच ठेवलं तर नियम मोडला, कमी ठेवलं तर परत येताना ड्रोन कुणाच्या तरी विसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत. मी अशा जागी ड्रोन टॉवरच्या पलीकडे नेतच नाही. माझ्यात आणि ड्रोनमध्ये इमारत येणार नाही अशीच जागा उभं राहायला शोधतो, आणि सिग्नल गेला तर जागच्या जागी थांबायची सोय ड्रोनमध्ये असेल तर ती लावतो. तशी जागा मिळत नसेल तर ते काम घेत नाही. नदीकाठच्या लॉन्सवर ही जागा बहुधा मिळते, पण तिथे घारी असतात. मुठेच्या काठावर भर दुपारी एका घारीने माझ्या ड्रोनवर दोनदा झेप घेतलेली मी पाहिली आहे. घार दिसली की ड्रोन खाली घ्यायचा, तिच्याशी खेळायला जायचं नाही. डिसेंबरात पोरांचे पतंग सुरू झालेले असतात. मांजा पंख्यात गुंतला तर ड्रोन दगडासारखा खाली येतो.

पोलिसांचा भाग मी मुद्दाम वेगळा काढतोय, कारण माझ्या ओळखीतले बहुतेक लोक इथेच अडकले. नकाशा हिरवा असला म्हणजे पोलिसांचा आदेश हिरवा असतो असं नाही. पोलीस आयुक्तालय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे पूर्वीच्या १४४ खाली, ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून वगैरेंवर बंदी घालू शकतं. मुंबईत असा आदेश साधारण तीस दिवसांचा निघतो आणि बऱ्याचदा तो संपायच्या आत पुढचा तयार असतो. तिथे उडवायचं तर लेखी परवानगी घेऊनच. पुण्यात मोठे सण, बड्या पाहुण्यांचे दौरे, बंदोबस्त यांच्या वेळी आदेश निघतात. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव होता तेव्हाही निघाले होते. हा आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३. ड्रोन नियमांखालचा दंड एक लाखापर्यंत, तो वेगळा. आणि ड्रोन पडून कुणाला लागलं तर न्याय संहितेचंच कलम १२५. तिथे पावकिलो वगैरे कुणी विचारत नाही.

अर्ज कसा करायचा? लेखी. तारीख, वेळ कुठून कुठपर्यंत, जागेचा पत्ता, नकाशाची प्रिंट, ड्रोनचा यूआयएन, उडवणाऱ्याचं ओळखपत्र आणि असेल तर पायलट सर्टिफिकेट, लॉनमालकाचं संमतीपत्र. निदान पंधरा दिवस आधी. माझा अर्ज स्थानिक ठाण्यातून विशेष शाखेकडे आणि परत असा फिरतो. किती दिवस लागतील ते सणासुदीवर अवलंबून आहे, गणपती-नवरात्रात सगळेच बंदोबस्तात असतात.

माझी एक चूक सांगतो. २०१९ला एका गृहप्रकल्पाचं शूटिंग होतं. मी अर्ज दिला, ठाण्यात त्यावर शिक्का आणि सही मिळाली. मी खूश. दुसऱ्या दिवशी उडवत असताना बीट मार्शल आले. मी तो कागद पुढे केला. त्यांनी वाचला आणि शांतपणे विचारलं, "ही तर पोच आहे. परवानगी कुठाय?" शिक्क्याखाली बारीक अक्षरात 'आवक' लिहिलं होतं. अर्ज मिळाल्याची पावती मी परवानगी समजून खिशात घालून फिरत होतो. रात्री नऊपर्यंत बसलो, ड्रोन जमा झाला, तीन आठवड्यांनी परत मिळाला. बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून ठेवलेल्या होत्या, त्या तशाच पडून राहिल्याने पावासारख्या फुगल्या होत्या, फेकून द्याव्या लागल्या. तेव्हा पोच आणि परवानगी यांतला फरक वाचून घ्या, मगच घरी या.

कागद असूनही लोक अडवतात, हेही सांगून ठेवतो. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, नगर, बीड अशा जिल्ह्यांतल्या गावांत रात्री आकाशात ड्रोन दिसल्याच्या तक्रारी येत होत्या. चोर टेहळणी करतात म्हणून गावंच्या गावं जागत होती. त्या दिवसांत शिरूर तालुक्यात एका मोजणीला गेलो. सकाळचे दहा, सगळी कागदपत्रं बरोबर. ड्रोन अजून खोक्यातून काढलाही नव्हता आणि वीस-पंचवीस माणसं भोवती. एक आजोबा काठी टेकत म्हणाले, "लेका, रात्री तूच होतास का?" परवानगीचा कागद त्यांच्यासमोर धरण्यात काही अर्थ नव्हता. सरपंचांना बोलावलं, चहा झाला, आजोबांना स्क्रीनवर त्यांचं शेत दाखवलं, मग काम. तेव्हापासून गावात जायचं तर आदल्या दिवशी पोलीस पाटलांना फोन, आणि शहरात शेजारच्या सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला आधी भेट. तुमच्या लॉनशेजारीही इमारती असतील. कुणाच्या खिडकीसमोर कॅमेरा घेऊन घुटमळू नका. आत कोण कशा अवस्थेत आहे ते आपल्याला माहीत नसतं, आणि चोरून पाहण्याचं, चित्रण करण्याचं न्याय संहितेत कलम ७७ आहे, त्यात तुरुंगवास आहे. आपला हेतू लग्न टिपायचा होता हे नंतर पटवत बसावं लागतं.

विसर्जनाचं उत्तर एका शब्दात देतो, नको. तुम्हाला मिरवणूक टिपायची आहे हे समजतं, मलाही दरवर्षी मोह होतो. पण मंडईपासून अलका चौकापर्यंत माणसाला माणूस चिकटलेला असतो. त्या दिवशी वर उडतात ते पोलिसांचे आणि त्यांनी मान्यता दिलेल्यांचे ड्रोन. ड्रोन आणि रिमोट ज्या लहरींवर बोलतात त्याच लहरींवर वायफायही चालतं, आणि रस्त्यावर हजारो फोन. अशा गोंगाटात लिंक तुटायची शक्यता वाढते. तुटली तर ड्रोन उतरणार कुठे? खाली एक फूट मोकळी जमीन नाही. ढोलपथकातल्या एखाद्या मुलीच्या डोक्यावर पावकिलो प्लास्टिक, फिरत्या पंख्यांसकट. शनिवारवाड्यावरूनही शॉट घ्यायचा विचार असेल तर ते केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, तिथे त्यांची परवानगी वेगळी. त्यापेक्षा लक्ष्मी रस्त्यावर कुणाच्या ओळखीने दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी मिळवा. मानाचे गणपती समोरून जातात, चेहरे दिसतात, गुलाल दिसतो. वरून फक्त डोकी दिसतात.

राहिला प्रश्न लग्नासाठी माणूस निवडायचा. फोनवर पहिल्यांदा यूआयएन विचारा. मग पायलट सर्टिफिकेट, ते दहा वर्षांसाठी असतं, त्यावरची तारीख बघा. मग ड्रोन कोणता, त्याला टाइप सर्टिफिकेट आहे का, थर्ड पार्टी विमा चालू आहे का. लग्नाच्या बाजारात अजूनही पुष्कळ लोक बिनकागदाचे चिनी ड्रोन घेऊन फिरतात, आणि स्वस्तात करतात. "काळजी करू नका, आपली ओळख आहे" असं जो म्हणेल त्याला नमस्कार करून दुसरा बघा. पोलीस परवानगी कोण काढणार हे आधी ठरवा आणि तिची प्रत तुमच्या फोनमध्येही असू द्या. कारण अडवलं जाईल तेव्हा तो माणूस ड्रोनकडे बघत असेल आणि हवालदाराशी बोलायला तुम्हीच असाल. काही पडलं-झडलं तर ४८ तासांत अपघात पोर्टलवर कळवायची जबाबदारीही नियमात आहे, ती त्याच्याकडून वदवून घ्या.

वेळेबद्दल एक सुचवतो. पाहुणे यायच्या आधी, साधारण साडेचारला, उन्हं कलताना सजवलेलं लॉन रिकामं असतं. तेव्हा वीस मिनिटांत सगळे चांगले शॉट मिळतात, मंडप, फुलांची कमान, नदी, मागची झाडं. डोक्यावर कुणी नसतं म्हणून मनही शांत असतं. फार तर वरात रस्त्यावरून आत वळताना बाजूने, गर्दीच्या वर न जाता, एक शॉट. मग ड्रोन खोक्यात. अंतरपाट धरल्यावर तो वर ठेवला तर मंगलाष्टकांच्या रेकॉर्डिंगमध्ये भरलेल्या घोंगावण्याशिवाय काही ऐकू येत नाही, हे मी तीन कुटुंबांच्या शिव्या खाऊन शिकलोय. आणि तुम्ही वधूचे भाऊ आहात. कानपिळीला गुरुजी हाक मारतील तेव्हा तुमच्या हातात रिमोट असून चालणार नाही.